पांढऱ्या कामाचे दिवस

तिला सगळे काजवाली म्हणत. आईबापांनी ठेवलेलं एक नाव होतंच, पण ते कागदोपत्री उरलं होतं. दुकानात येणारं गिऱ्हाईक तिच्या नवऱ्याला मास्तर म्हणे आणि तिला काजवाली, आणि तिची त्याला काही हरकत नव्हती. का असावी? कापड बेतणं, कापणं, मशीनवर जोडणं हे मास्तरचं काम. पण बटण ज्या भोकातून जातं ते काज तिचं. आता काज म्हणजे काय मोठंसं, भोकच ना, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एकदा करून बघावं. कापडाला नेमकी चीर द्यायची आणि तिच्या कडेनं असे टाके घालायचे की एकेका टाक्याची गाठ शेजारच्या गाठीला खेटून बसली पाहिजे. एक जरी इकडची तिकडे झाली की झालंच कल्याण.

मशीनवर काजं मारून देणारे बाजारात छप्पन्न होते. पण इस्पितळाच्या धुलाईत कपडे उकळून काढतात, आणि तिथं मशीनचं काज दुसऱ्या धुण्यालाच दात विचकतं. काजवालीचं काज कापड विरलं तरी शाबूत राही. म्हणून मोठ्या इस्पितळातले डॉक्टर आपले पांढरे कोट याच दुकानात शिवायला टाकत.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे रस्ता, मागे राहायची जागा, मधे पडदा. मास्तरचं कापायचं टेबल भिंतीशी, दोन मशिनी मधोमध, आणि खिडकीशी तिचं स्टूल, कारण बारीक कामाला उजेड लागतो. खिडकीच्या कट्ट्यावर बटणांचा डबा. कधीकाळी बिस्किटांचा असलेला तो पत्र्याचा डबा लहानमोठ्या पांढऱ्या बटणांनी गळ्यापर्यंत भरलेला असे, आणि त्याला हात लावायची मास्तरलाही सोय नव्हती. बटण हवं असलं की तो हात पुढे करी, आणि ती हवं ते शोधून त्याच्या तळहातावर ठेवी.

"स्वतःच्या दुकानात भीक मागतोय मी," तो म्हणे.

"मागच्या वेळी सगळी बटणं सांडून ठेवली होती तुम्ही. मागा आता," ती म्हणे.

असा त्यांचा संसार चालला होता, आणि वाईट चालला नव्हता.

लेक झाली त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचा डावा पाय सुजला. आधी वाटलं, उभ्यानं काम झालं असेल. मग पोटरी दगडासारखी टणक झाली, पाय टेकवेना, तेव्हा मास्तरनं तिला इस्पितळात नेलं. तिथं त्यांनी तिला रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाई वयानं लहानच, पण बोलायला रोखठोक.

"मावशी, रक्त वाहिलंही पाहिजे आणि जखम झाली तर गोठलंही पाहिजे," बाई म्हणाल्या. "या दोन्हींचा तोल राखणारा एक घटक असतो, तो तुमच्या रक्तात जन्मापासूनच कमी आहे. म्हणून ते नको तिथं गोठतं. आज पायात गाठ झाली. उद्या मेंदूकडे जाणाऱ्या नळीत झाली, तर अर्धं अंग लुळं पडेल, वाचा जाईल. हे घराण्यात उतरतं. तुमच्याकडे कुणाला झालं होतं असं?"

काजवालीला तिची आई आठवली. चांगली चालतीबोलती बाई, भांडी घासता घासता आडवी झाली ती परत उठलीच नाही. दगदगीनं गेली, असं सगळे म्हणाले होते. तिनं तसं सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि एक बारकीशी पांढरी गोळी लिहून दिली. रक्त पातळ ठेवणारी. रोज घ्यायची, न चुकता, जन्मभर. मधून मधून येऊन रक्त तपासून जायचं. आणि पोरगी मोठी झाली की तिचंही तपासायचं.

"समजलं ना, मावशी?"

"समजलं. पण बाई, तुमच्या कोटाचं हे काज मशीनवर कुणी मारलं हो? बघा कसं उसवलंय. आणून द्या, करून देते."

बाई हसल्या. "आधी गोळी. मग काज."

दुसऱ्या दिवसापासून गोळीचा कारभार मास्तरनं आपल्याकडे घेतला. हा माणूस तोंडाचा फाटका. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा. टेप गळ्यात असताना टेप कुठाय म्हणून लेकीवर खेकसणारा. पण गोळी म्हणाल तर कधी विसरला नाही. सकाळी चहाच्या आधी एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातावर गोळी, असा तिच्यापुढे येऊन उभा राही, आणि ती गिळेपर्यंत हलत नसे.

"गिळली?"

"गिळली."

"आ कर बघू."

"अहो, मी काय बालवाडीत आहे?"

"आ कर म्हणतो ना."

मग ती आ करी, आणि तो खरंच वाकून बघे. त्याच्या बायकोला जगवण्याचं काम त्याच्याकडे आलं होतं आणि ते तो मन लावून करत होता. प्रेमानं बोलणं त्याला कधी जमलं नाही, पण हे जमलं.

गोळीचं एकच होतं. सुई टोचली की रक्त थांबेना.

हातानं काजं करणाऱ्याला सुई टोचणारच. वरच्या हाताच्या बोटात लोखंडी टोपी घालता येते, पण कापडाखालच्या हाताचं बोट उघडंच ठेवावं लागतं, सुईचं टोक कुठं आलंय ते त्यालाच कळतं. पूर्वी टोचली की मोहरीएवढा थेंब यायचा आणि जागच्या जागी सुकायचा. आता थेंब यायचा, मग दुसरा, मग बोट चिमटीत धरून बसलं तरी तिसरा. निळ्या-खाकी कामात काही बिघडत नसे. वॉचमनचे शर्ट, ड्रायव्हरांच्या पँटी, त्यात थेंब गेला काय आणि राहिला काय. पण वर्षातून एकदा वैद्यकीय कॉलेजात नवी मुलं येत, आणि मग पांढऱ्या कामाचे दिवस सुरू होत. सगळी खोली पांढरी होऊन जाई. मास्तर दर थोड्या वेळानं हात धुऊन येई, दुकानात चहा आणायला बंदी, लेकीनं हातात पेरू घेऊन पडदा सरकवला तरी आरडाओरडा. आणि अशा दिवसांत काजवालीच्या बोटातून रक्त.

इस्पितळातल्या सगळ्यांत मोठ्या डॉक्टरचा कोट होता. दोन काजं झाली होती, तिसऱ्याला सुई बोटात गेली. तिनं हात मागे घेतला, पण तोवर कॉलरखाली लाल ठिपका उमटला होता. त्यावर शिवणकाम करणाऱ्यांचा जुना उपाय आहे: पांढऱ्या दोऱ्याचा बोळा तोंडात चावून ओला करायचा आणि त्यानं डाग टिपायचा. ज्याचं रक्त त्याच्याच थुंकीनं निघतं, असं या धंद्यातली माणसं छातीठोकपणे सांगतात. तिनं दोरा चावला, टिपला. डाग फिका झाला, आणि टिपतानाच दुसरा थेंब पडला. तो टिपायला गेली तर तिसरा बाहीवर. मास्तरनं मागे वळून पाहिलं आणि त्याचं डोकंच फिरलं.

"अगं काय कोंबडं कापलंयस का त्यावर? एक तर ती गोळी घे, नाहीतर सुई घे! दोन्ही जमायचं नाही!"

बोलला आणि विसरला. संध्याकाळी नवं कापड कापताना तोच शीळ घालत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पेला आणि गोळी घेऊन तोच समोर हजर. पण काजवाली विसरली नव्हती. तिनं गोळी तोंडात घातली, जिभेनं गालात सारली, पाणी प्यायली आणि आ केला. मास्तरनं वाकून पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि मशीनवर जाऊन बसला. तिनं खिडकीकडे तोंड करून गोळी बोटांवर काढली. औषध कचऱ्यात टाकायला मन होईना, म्हणून पदराला पुसून बटणांच्या डब्यात टाकली. पांढऱ्या बटणांत पांढरी गोळी कुणाला दिसणार?

थोड्या दिवसांनी सुई टोचली तेव्हा थेंब मोहरीएवढाच आला आणि सुकला. एकही कोट वाया गेला नाही. काजवालीला सुटल्यासारखं झालं.

मग तिनं तसा नेमच करून टाकला. पांढऱ्या कामात गोळी गालात, गडद कामात गोळी पोटात. स्वतःशी हिशेब सरळ होता: मी काही गोळी सोडलेली नाही, कामापुरती बाजूला ठेवते. रक्त तपासायची तारीख पांढऱ्या कामात आली की ती म्हणे, आत्ता कुठं वेळ आहे, नंतर जाऊ. नंतर जाई तेव्हा गोळ्या पुन्हा नीट चालू झालेल्या असत. डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणत, "छान. अस्संच चालू ठेवा." अशी वर्षं गेली, आणि काही झालं नाही. काही झालं नाही हेच वाईट झालं. पहिल्याच वर्षी पाय पुन्हा सुजला असता तरी ती सावध झाली असती.

एकदा मात्र झालं होतं. कपबशी हातातून सुटली, ओठ बधिर झाला, लेकीला हाक मारायला गेली तर भलतंच काहीतरी बोलली. घटकाभरानं सगळं जागच्या जागी आलं. हे जाऊन सांगायला हवं, हे तिला कळत होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, असं थोडा वेळ होऊन गेलं तरी धावत यायचं. पण जाऊन सांगायचं म्हणजे डबाही सांगायचा. आणि खोलीत पांढऱ्या कापडांची चळत उभी होती. हे एवढे कोट जाऊ देत, मग बघू, ती स्वतःशी म्हणाली. माणूस स्वतःला किती गोडीनं फसवतं बघा.

त्याच कोटांतला एक तिच्या मांडीवर होता. भर सकाळची वेळ, खिडकीतून छान उजेड येत होता. मास्तर टेबलाशी पाठमोरा उभा राहून कॉलर कापत होता आणि कॉलेजातल्या पोरांच्या नाना फर्माइशींवर तोंडसुख घेत होता. मागून उत्तर येईना.

"काय गं, रुसलीस का?"

तरी उत्तर नाही. तो वळला. सुई कोटाला दोऱ्यानं लोंबत होती. काजवाली आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. तो मांडीवर पडला होता आणि तिचा राहिला नव्हता. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मास्तरनं तिला उचलून आत निजवलं. पाणी पाजलं, ते ओठाच्या कडेनं उशीवर गळलं. थकली असेल, थोडं पडू दे, उतरेल, असं म्हणत तो उशाशी बसून राहिला. लेक तेव्हा तयार कपड्यांच्या दुकानात कामाला होती, ती दुपारी जेवायला आली, आईचं तोंड पाहिलं आणि किंचाळत गाडी आणायला धावली. तोवर मेंदूचा व्हायचा तेवढा नाश होऊन गेला होता. लगेच आणलं असतं तर गाठ विरघळवायचं औषध देता आलं असतं, असं इस्पितळात म्हणाले. हे ऐकून मास्तर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्या केसांत आता पांढरं दिसू लागलं होतं.

"मास्तर, रक्त पातळ नव्हतंच हो त्यांचं," त्या म्हणाल्या. "गोळी घेत असत्या तर असं दिसत नाही. चुकत होती का?"

"चुकत होती?" मास्तर भडकला. "माझ्या हातानं दिलीय मी! रोज! समोर उभं राहून! आ करून बघितलंय! तुमच्या गोळीतच दम नाही ते सांगा की!"

बाई काजवालीकडे वळल्या. "मावशी, गोळी घेत होता ना?"

काजवालीला सगळं कळत होतं. सांगावंसं वाटलं, नव्हते घेत, बाई, चुकलं माझं. तिनं सगळा जीव गोळा करून तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, "हो."

तो तिच्या तोंडून पडलेला पहिला शब्द, आणि शेवटपर्यंत तोच राहिला. भूक लागली तर हो, लागली नाही तर हो. दुखतंय तरी हो. मानेनं नाही म्हणायला जावं तर मान खालीवर हलायची, आणि आपण उलटं हलवतोय हे तिला कळायचं तोवर समोरचा निघून गेलेला असायचा. डाव्या हातात पेन्सिल दिली तर कागदावर नुसत्या रेघोट्या. अक्षरंच डोक्यातून पुसली गेली होती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं घरच्यांना समजावलं होतं, यांच्या हो वर जाऊ नका, सगळं कळतं त्यांना, फक्त बाहेर येत नाही. मास्तरनं ते ऐकून घेतलं आणि सोयीप्रमाणे वापरलं. मनासारखं असलं तर, "हो म्हणाली बघ." नसलं तर, "तिच्या हो ला काय अर्थ आहे?"

लेक नोकरी सोडून खिडकीशी आईच्या स्टुलावर बसली. आईसाठी समोर हातांची खुर्ची ठेवली. लेकीचा हात चांगला होता. काज आईइतकं नाही, पण नाव ठेवायला जागा नव्हती. काजवाली दिवसभर तिच्या बोटांकडे बघत बसे, आणि एखादी गाठ बरोबर बसली की तिचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर थोपटे. तेवढं एक सुख उरलं होतं.

आणि मग लेकीची पोटरी दुखायला लागली.

पायात गाठ. लेकीचं रक्त तपासायचं इतकी वर्षं राहूनच गेलं होतं, ते आता तपासलं तर आईसारखंच. डॉक्टरीणबाईंनी तीच बारकी पांढरी गोळी लिहून दिली. काजवालीची चाकाची खुर्ची शेजारीच होती.

"आईचं पाहिलंस ना?" बाई लेकीला म्हणाल्या. "तुझं तसं होऊ द्यायचं नाहीये. गोळी चुकवायची नाही. कुठं कापलं, टोचलं आणि रक्त फार वाहिलं तर मला येऊन सांगायचं. मात्रा बघता येते, दुसरी औषधं आहेत, काहीतरी करता येतं. पण आपल्या मनानं बंद करायची नाही."

काजवालीनं ते ऐकलं. मात्रा बघता येते. येऊन सांगायचं. इतकी वर्षं त्या बाईंचे कोट शिवले, काजं केली, गप्पा मारल्या, पण हे एक विचारलं नव्हतं. लाज वाटली होती, की सुई टोचते हे काय डॉक्टरला सांगायचं!

लेक गोळी घेऊ लागली. पांढऱ्या कामाचे दिवस आले. एका सकाळी सुई टोचली, थेंब आला, मग दुसरा, मग तिसरा, आणि कोटाच्या पट्टीवर लाल ठिपका उमटला.

"बाबा, थांबतच नाही हो हे रक्त," लेक बोट चिमटीत धरून म्हणाली.

"मग कशाला घेतेस ती गोळी?" मास्तर म्हणाला. या वेळी तो ओरडला नाही, थकलेल्या आवाजात बोलला. "तुझ्या आईला इतकी वर्षं दिली. माझ्या हातानं. एक सकाळ चुकवली नाही मी. काय झालं त्याचं? समोर बसलीय बघ. त्या गोळीनं काही होत असतं तर हिचं असं झालं असतं का?"

लेकीनं आईच्या लुळ्या हाताकडे पाहिलं. बापाचं म्हणणं खोटं ठरवायला तिच्याजवळ होतं काय? काजवालीजवळ मात्र होतं. ते खिडकीच्या कट्ट्यावर, पत्र्याच्या डब्यात होतं.

ती डाव्या हातानं दांडा धरून उठली. पाय ओढत, भिंतीला खांदा घासत खिडकीशी पोचली. "आई, अगं पडशील!" लेक उठेपर्यंत तिनं डबा ओढला, तो कलंडला आणि बटणं खणखणत जमिनीवर पसरली. काजवाली त्यांच्यातच खाली बसली, म्हणण्यापेक्षा कोसळली. डावा हात बटणांतून फिरवू लागली. गोळ्या होत्या; लेक वरवरची बटणं घेई, म्हणून तिला त्या कधी दिसल्या नव्हत्या. तळाच्या जुन्या, पिवळट पडलेल्या, काहींचा भुगा झालेला. तिनं एकेक वेचून लेकीच्या पायांशी ढीग केला. मग आपल्या तोंडाकडे बोट केलं, गालाला लावलं, डब्याकडे नेलं. मग लेकीच्या मांडीवरच्या पांढऱ्या कोटाकडे. पुन्हा गाल, पुन्हा डबा, पुन्हा कोट.

लेक गुडघ्यांवर बसली. तिनं एक गोळी उचलून उजेडात धरली. "या तुझ्या गोळ्या आहेत, आई?"

"हो."

"म्हणजे... तू घेत नव्हतीस? पांढरं काम असलं की इथं टाकत होतीस?"

"हो! हो!" काजवालीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कधी नव्हे ते तोंड आणि मन एक झालं होतं. पोर शहाणी, पोरीला कळलं.

"बाबा, ऐकलंत? आई गोळ्या घेतच नव्हती!"

मास्तर बटणं चुकवत पुढे आला. ढिगाकडे त्यानं क्षणभर पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की काजवालीला वाटलं, यालाही कळलं. कळलंच असावं. पण ते खरं मानायचं तर त्या सगळ्या सकाळी, तो पेला, ते वाकून बघणं, सगळं फुकट गेलं होतं. बायकोला आपण जगवलं नव्हतं, उलट त्या एका रागाच्या बोलण्यानं... एवढं त्या माणसाला पेलण्यासारखं नव्हतं.

"तिला काहीही विचार, हो म्हणते ती," तो म्हणाला. "थांब, दाखवतो. काय गं, मी बाई आहे का?"

काजवालीनं ओठ घट्ट मिटले. बोलायचंच नाही, तिनं ठरवलं. पण विचारलं की तो शब्द आपसूक बाहेर पडे, तिच्या ताब्यात तो नव्हताच.

"हो."

"आणि ही आपली पोर आहे ना, ती घोडा आहे का?"

"हो."

लेकीला नको असताना हसू आलं. हसू आलं आणि गेलं सगळं. तिनं डोळे पुसले, आईच्या काखेत हात घालून तिला उठवलं.

"हल्ली मी हातावर गोळी ठेवतो ना, ती नेऊन टाकत असणार यात," मास्तर म्हणाला. "दुखण्यानं डोकं चालत नाही बिचारीचं. माझ्यासमोर गिळायची गं ती. आ करायची. माझ्यासमोर." मग त्यानं सुपली आणली, बटणं गोळा केली, गोळ्या वेचून कचऱ्यात टाकल्या आणि डबा वरच्या फळीवर ठेवला, तिचा हात पोचणार नाही अशा जागी.

कोटाच्या पट्टीवरचा डाग काही केल्या निघाला नाही. पट्टी नवी लावावी लागली.

"पांढरं काम आहे तोवर तरी थांबते, बाबा," लेक म्हणाली. "मग घेईन पुन्हा."

"कर तुला बरं वाटेल तसं," मास्तर म्हणाला.

काजवालीनं खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला. पुन्हा आपटला. लेक येऊन विचारून गेली, आई, पाणी हवंय का, आणि ती हो म्हणाली, आणि लेकीनं पाणी आणून पाजलं.

पुढे काही दिवसांनी अशीच सकाळ होती. खिडकीतून छान उजेड येत होता, खोली पांढरीशुभ्र. लेक मान खाली घालून काज करत होती. काजवाली तिच्या कापडाखालच्या बोटाकडे बघत होती. आता दिवसभर ती तेवढंच बघे. सुई टोचावी आणि रक्त वाहावं, वाहतच राहावं, कोट खराब व्हावा, मास्तरनं घर डोक्यावर घ्यावं, असं तिला वाटे. पोटच्या पोरीबद्दल आईनं काय मागावं? पण ती तेच मागत होती.

सुई टोचली. "स्स," लेक म्हणाली, आणि बोट वर धरलं.

मोहरीएवढा थेंब आला. बोटाच्या टोकावर थरथरला, आणि जागच्या जागी सुकला.

कापडावर उमटलेला ठिपका लेकीनं दोरा चावून टिपला. तो निघाला, खूण राहिली नाही. "बघ आई!" ती हसून म्हणाली, आणि बोट आईच्या डोळ्यांपुढे धरलं. "लगेच थांबलं. पायसुद्धा दुखत नाही हल्ली. उगाच घाबरवतात ना गं डॉक्टर लोक?"

"हो," काजवाली म्हणाली. तिची मान खालीवर हलत होती. डावा हात लेकीचं मनगट सोडत नव्हता. "हो. हो. हो. हो."

"पुरे गं," मास्तर टेबलावरून न वळता म्हणाला. "कळलं आम्हांला."